‘मौन’ कादंबरी आणि जपानमधील ख्रिस्तसभा : एक परीक्षण

जपानी कादंबरीकार शुसाकू एंदो (१९२३–१९९६) यांची ‘चिन्मोकु’, म्हणजेच ‘मौन’, ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला तानिझाकी पारितोषिक लाभले. १९६९ साली विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय धर्मगुरूंनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. २०१६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांचा चित्रपट आल्यावर, एरवी कादंबऱ्यांच्या वाटेस न जाणाऱ्या लोकांपर्यंतही तिचे नाव पोहोचले. धर्मगुरूंच्या वार्षिक साधनेत आणि गुरुविद्यालयांतील चर्चांत तिचा उल्लेख आता नित्याचा झाला आहे.

मात्र या उल्लेखांबरोबर दोन मतेही आपल्यात नकळत रुजू लागली आहेत. पहिले मत असे की, ख्रिस्ती श्रद्धा हे पाश्चात्त्य भूमीतील रोप असून आशियाच्या मातीत ते मुळाशीच कुजते. जपानचा इतिहास हा त्याचा पुरावा होय. दुसरे मत असे की, छळाच्या प्रसंगी ख्रिस्ताचा त्याग करणे हीच कधीकधी ख्रिस्तावरील सर्वश्रेष्ठ प्रीती ठरते. एक मत आपल्या कार्याच्या मुळावर येते, तर दुसरे पापनिवेदनाच्या आसनाजवळ येऊन उभे राहते. म्हणून या थोर कादंबरीचे गुण मनःपूर्वक मान्य करूनही ही दोन मते इतिहासाच्या आणि श्रद्धेच्या कसोटीस लावून पाहणे अगत्याचे वाटते. तशी कसोटी लावताना वसई, गोवे आणि सुरत ही आपल्या किनाऱ्यावरील तीन ठिकाणे पुनःपुन्हा समोर येतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१. कथानक

कथेचा काळ सतराव्या शतकातील आहे. १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले आणि पुढील साठ-पासष्ट वर्षांत ख्रिस्ती लोकांची संख्या काही लाखांच्या घरात गेली. १५८७ साली तोयोतोमी हिदेयोशी याने धर्मगुरूंना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. १६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी घातली. जपानमधील येशूसंघाचे ज्येष्ठ धर्मगुरू ख्रिस्तोव्हाव फेरेइरा यांनी १६३३ साली नागासाकी येथे छळापुढे मान तुकवून धर्मत्याग केला, ही इतिहासातील घटना आहे आणि कादंबरीचा प्रारंभ तिच्यापासूनच होतो. या वार्तेने व्यथित झालेले रोद्रिगिश आणि गार्पे हे दोन तरुण धर्मगुरू लिस्बनहून गोवे व मकावमार्गे गुप्तपणे जपानला पोहोचतात. रोद्रिगिश हे पात्र बेतले आहे ते ज्युसेप्पे कियारा या इटालियन धर्मगुरूंवर. ते १६४३ साली जपानमध्ये पकडले गेले आणि १६८५ साली एदो नगरीत बंदिवासातच वारले.

गावोगावचे गरीब शेतकरी आणि कोळी या धर्मगुरूंना लपवितात व त्यापायी प्राणास मुकतात. भित्रा, मद्यपी कीचिजिरो रोद्रिगिश यांना पकडून देतो. शेवटच्या रात्री कोठडीत पडलेल्या रोद्रिगिश यांच्या कानी घोरण्यासारखा आवाज येत राहतो. तो घोरण्याचा आवाज नसून खड्ड्यावर उलटे टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे कण्हणे आहे, असे फेरेइरा त्यांना सांगतात. त्या शेतकऱ्यांनी धर्मत्याग केव्हाच केलेला असतो. परंतु धर्मगुरू ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवीत नाही तोवर त्यांना खाली उतरविले जाणार नसते. पहाटे रोद्रिगिश ‘फुमि-ए’वर, म्हणजे पायाने तुडविण्यासाठी ठेवलेल्या ख्रिस्तप्रतिमेवर, पाऊल ठेवतात. त्या क्षणी आजवर मौन बाळगलेला ख्रिस्तच त्यांना तसे करण्याची अनुज्ञा देतो, असे त्यांना वाटते. दूर कोंबडा आरवतो.

२. कादंबरीचे सामर्थ्य

एंदो यांना लहानपणी, आईच्या पुढाकाराने, कॅथलिक स्नानसंस्कार मिळाला. १९५० ते १९५३ या काळात त्यांनी फ्रान्समध्ये फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला. पुढे क्षयाने ते दीर्घकाळ रुग्णशय्येवर होते व त्यांच्या फुप्फुसावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. श्रद्धेचा पाश्चात्त्य पोशाख आपल्या जपानी अंगाला नीट बसत नाही, ही त्यांची आयुष्यभराची बोच होती. ‘मौन’मधील वेदना म्हणूनच उसनी वाटत नाही.

या कादंबरीने ख्रिस्ती वाचकांवर मोठे उपकार केले आहेत. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हुतात्म्यांची नावे सोन्याच्या अक्षरांनी लिहिली जातात. जे मोडले त्यांची नोंद एका ओळीत आटोपते. त्या मोडलेल्यांनाही आत्मा होता, त्यांनीही रात्री जागून काढल्या, हे एंदो यांनी दाखविले. आरामखुर्चीत बसून दुसऱ्याच्या धर्मत्यागाचा निवाडा करण्याची आपली सवय ही कादंबरी वाचल्यानंतर सहजासहजी टिकत नाही. तसेच परमेश्वराच्या मौनाचा प्रश्न एंदो यांनी टाळलेला नाही. समुद्रात खुंटांना बांधलेले दोन शेतकरी भरतीच्या पाण्यात हळूहळू मरतात आणि समुद्र मात्र तसाच शांत राहतो, तो प्रसंग वाचून ज्याच्या मनात प्रश्न उठत नाही त्याने आपल्या प्रवचनांचाच पुनर्विचार करावा.

एवढे मान्य केल्यानंतर आता आपण त्या दोन मतांकडे वळू.

३. दोष मातीचा की कुऱ्हाडीचा?

कादंबरीत फेरेइरा आणि न्यायाधिकारी इनोऊए हे दोघेही जपानला दलदलीची उपमा देतात. या दलदलीत लाविलेल्या कोणत्याही रोपाची मुळे सडतात. जपानी लोकांनी ज्याची पूजा केली तो ख्रिस्ती परमेश्वर नव्हेच, त्यांनी त्याला आपल्या कल्पनेप्रमाणे बदलून टाकले होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पात्राचे मत हे लेखकाचेच असते असे नाही, हे खरे. परंतु कादंबरीत या युक्तिवादास तोलामोलाचे उत्तर कोणी देत नाही आणि वाचक तो पटल्यागत पुस्तक मिटतो.

इतिहास काय सांगतो? फेरेइरा यांना ऑक्टोबर १६३३ मध्ये खड्ड्यावर टांगण्यात आले, त्याच वेळी ज्यूलियन नाकाउरा या जपानी धर्मगुरूंनाही तीच शिक्षा झाली होती. १५८२ साली जे चार जपानी तरुण नागासाकीहून रोमच्या यात्रेस निघाले त्यांच्यापैकी हे एक. जाताना व येताना त्यांचा मुक्काम गोव्यास झाला होता; त्यांचे सोबती मार्तिन्यो हारा यांनी १५८७ साली गोव्यात लॅटिनमध्ये केलेले भाषण पुढील वर्षी तेथेच छापले गेले. पन्नास वर्षांनंतर नागासाकीच्या त्या छळात काही तासांत मोडला तो पोर्तुगीज वरिष्ठ, आणि अखेरपर्यंत टिकून प्राण दिले ते जपानी धर्मगुरूने. दलदलीचा सिद्धान्त खरा असता तर हे नेमके उलट घडावयास हवे होते. फेरेइरा यांचा उपहास करण्यासाठी हे लिहीत नाही. तशा यातनेत आपण किती टिकलो असतो हे कोणास ठाऊक? परंतु ‘मौन’मध्ये नाकाउरांना स्थान मिळाले असते तर दलदलीचे रूपक इतके भारदस्त वाटले नसते.

दुसरे उदाहरण पेद्रो किबे यांचे. मकावमधून ते गोव्यास आले, तेथून खुष्कीच्या मार्गाने एकटे पर्शिया ओलांडून यरुशलेमला गेले आणि तेथून रोमला पोहोचून १६२० साली धर्मगुरू झाले. छळ पेटलेला असताना १६३० साली ते मायदेशी परतले आणि १६३९ साली एदो येथे हुतात्मा झाले. नाकाउरा व किबे यांच्यासह १८८ जपानी हुतात्म्यांना २००८ साली नागासाकीत धन्यवादित घोषित करण्यात आले.

आणि दलदलीत रोप आपोआप कुजत असेल तर ते उपटण्यासाठी इतका खटाटोप कशासाठी करावा लागला? १६१४ च्या बंदीपासून १८७३ साली बंदीचे फलक उतरविले जाईपर्यंत २५९ वर्षे गेली. या काळात धर्मगुरूस पकडून देणाऱ्यास चांदीच्या नाण्यांचे इनाम होते. शेजाऱ्यांनी एकमेकांवर नजर ठेवावी म्हणून घरांचे गट पाडले होते. प्रत्येक कुटुंबास आपण अमुक बौद्ध मंदिराचे आहोत असा दाखला घ्यावा लागे. नागासाकी परिसरात दरवर्षी फुमि-ए तुडविण्याचा विधी होई. एवढे पहारे बसविले जातात ते जिवंत मुळांवरच. तेव्हा रोप मातीने मारले नाही, त्यावर कुऱ्हाड चालली, असेच म्हणणे प्राप्त आहे.

श्रद्धेचे स्वरूप बदलल्याचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा. झेवियर यांनी आरंभी परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हा बौद्ध शब्द योजिला आणि चूक उमगताच तो टाकून लॅटिन ‘देउस’ स्वीकारला. काही बेटांवरील गुप्त ख्रिस्ती समूहांत लॅटिन प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या अर्थ न कळता म्हटल्या गेल्या, त्यांत स्थानिक रूढी मिसळल्या, आणि बंदी उठल्यावरही अनेक कुटुंबे ख्रिस्तसभेत परतली नाहीत. आजही जपानमध्ये कॅथलिकांचे प्रमाण लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. हे सर्व मान्य केले पाहिजे. परंतु धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही, संस्कार नाहीत, अशा स्थितीत अडीचशे वर्षे राहिलेल्या कोणत्याही युरोपीय खेड्याची गत याहून निराळी झाली असती काय? शब्दाच्या बाबतीत आपला स्वतःचा अनुभव पाहा. थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ‘वैकुंठ’ हा शब्द स्वर्गासाठी निःशंकपणे वापरला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस प्रभू येशूस ओळखीनासा झाला, असे कोणी म्हणणार नाही. नवा आशय पुरेसा काळ आणि पुरेशी शिकवण मिळाली तर जुन्या शब्दाला आपल्याकडे वळवून घेतो. जपानमध्ये तो काळच हिरावून घेतला गेला.

४. पूर्व आणि पश्चिम : वसईचा संत व सुरतेचा व्यापारी

‘मौन’ची मांडणी पश्चिम आणि जपान अशा दोन टोकांवर उभी आहे. एका बाजूस पोर्तुगीज धर्मगुरू, दुसऱ्या बाजूस जपानी सत्ता. मधे मूक शेतकरी. प्रत्यक्ष इतिहास इतका सरळ नाही. आपल्या किनाऱ्याशी संबंधित असलेल्या दोन व्यक्ती या मांडणीत बसतच नाहीत.

पहिली व्यक्ती म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. पिता पोर्तुगीज व माता वसईची, अशा घरात १५५६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि अनेक वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. पुष्कळ इच्छा असूनही त्यांना संघात प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून पुढे ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी या नात्याने ते पुन्हा जपानला आले आणि हिदेयोशीसमोर त्याच्याच भाषेत बोलले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर जे २६ जण क्रुसावर मारले गेले, त्यांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, आणि एक आपला वसईकर. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

या सव्वीस जणांच्या यादीत ‘पश्चिम’ कोठे संपते आणि ‘पूर्व’ कोठे सुरू होते? ज्याच्या जिभेवरून जपानी राज्यकर्त्यापर्यंत सुवार्ता पोहोचली तो तिच्या प्रसारातील भारतीय साथीदार होता, आणि त्याच्यासोबत मेलेले बहुतेक सारे जपानीच होते. खुद्द झेवियर यांना जपानची वाट दाखविणारा आंजिरो हा जपानी गृहस्थ गोव्याच्या संत पॉल महाविद्यालयात शिकला होता. म्हणजे रोप पाश्चात्त्य गलबतातून गेले असले तरी ते लावणारे हात पुष्कळ अंशी आशियाई होते.

दुसरी व्यक्ती याच्या अगदी उलट टोकाची. सुरतेच्या व्यापारी इतिहासात फ्रांस्वा कारों हे नाव येते. १६६८ साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत उघडली ती यांनी. पण त्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ ते डच कंपनीच्या सेवेत जपानमध्ये होते, त्यांचे कुटुंब तेथलेच होते आणि जपानचे वर्णन करणारे त्यांचे पुस्तक युरोपात प्रसिद्ध होते. १६४० साली हिरादो येथील डच वखारीचे ते प्रमुख असताना सरकारी अधिकारी तपासणीस आला. नव्या दगडी कोठारावर ख्रिस्ती सनाचे वर्ष कोरलेले आहे, हा अपराध ठरला आणि इमारत पाडण्याचा हुकूम झाला. कारों यांनी एका शब्दाने विरोध न करता ती पाडविली. तो अधिकारी दुसरा कोणी नसून ‘मौन’मधील तोच इनोऊए होता. त्याआधी १६३८ साली शिमाबारा येथील बंडात हारा किल्ल्यात अडकलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांवर डच जहाजाने राज्यकर्त्यांच्या सांगण्यावरून तोफा डागल्या होत्या. या आज्ञाधारकपणाचे फळ म्हणून पोर्तुगीजांना हाकलून दिल्यावर जपानशी व्यापार करण्याची मुभा युरोपीय राष्ट्रांपैकी एकट्या डचांनाच राहिली, तीही १६४१ पासून नागासाकीजवळच्या देशिमा या इवल्याशा कृत्रिम बेटावर, आणि उघड उपासना न करण्याच्या अटीवर. तेथून निघालेले जपानी तांबे डच जहाजांतून सुरतेच्या बाजारात येऊन विकले जाई. सुरतेच्या डच दफनभूमीतील भव्य घुमट पाहताना त्या वैभवामागची ही हकीगतही आठवावी.

यावरून कोणा एका पंथास दोष देण्याचा हेतू नाही. पोर्तुगीजांच्या बाजूसही धर्म आणि रेशमाचा व्यापार यांची सरमिसळ झाली होती, आणि १५८० साली नागासाकी बंदराचा कारभार येशूसंघाकडे सोपविला गेल्याने राज्यकर्त्यांच्या संशयास निमित्त मिळाले, हे आपण झाकून ठेवू नये. मुद्दा निराळा आहे. इनोऊएसमोर दोन प्रकारचे ‘पाश्चात्त्य’ उभे राहिले. एकाने नफ्यासाठी ख्रिस्ताच्या सनाचे वर्ष भिंतीसकट पाडले आणि त्याबद्दल कोणी कादंबरी लिहिली नाही. दुसऱ्यास खड्ड्यावर टांगल्यावाचून त्याच्याकडून काही मिळविता आले नाही. पूर्व-पश्चिम अशी भिंत इतिहासात उभी नव्हती. विभागणी झाली ती माणसांच्या अंतःकरणांत. तीत वसईकर आणि जपानी एका बाजूस सापडतात, तर लिस्बन व ॲम्स्टरडॅम येथून आलेले कित्येक दुसऱ्या बाजूस. आपला धर्म परक्यांचा, हा आरोप ज्यांना वारंवार ऐकावा लागतो त्या आपल्या लोकांना ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे.

५. अनुज्ञा आणि क्षमा

आता दुसऱ्या मताकडे वळू. रोद्रिगिश प्रतिमेवर पाय ठेवतात ते स्वतःच्या सुटकेसाठी नव्हे, टांगलेल्या शेतकऱ्यांच्या सुटकेसाठी. नीतिशास्त्राच्या दृष्टीने अशा दडपणाखाली माणसाचे स्वातंत्र्य क्षीण होते आणि दोषही त्या प्रमाणात उणा होतो, याविषयी दुमत नसावे. त्यांना दगड मारण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.

परंतु कादंबरी तेथे थांबत नाही. दोष उणा होणे ही एक गोष्ट, आणि ख्रिस्तानेच त्या कृत्याची अनुज्ञा देणे ही निराळी गोष्ट. पहिलीत क्षमेस वाव राहतो. दुसरीत क्षमेची गरजच उरत नाही. शिवाय येथे एक सूक्ष्म अदलाबदल घडते. खड्ड्यातील कण्हणे एका शब्दाने थांबविणे इनोऊएच्या हाती होते. दोरी त्याची, हुकूम त्याचा. तरीही वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो तो परमेश्वर गप्प का, हा. इनोऊए दोरी सोडीत का नाही, हा प्रश्न मागे पडतो. छळ करणारा मोठ्या हुशारीने आपला अपराध छळल्या जाणाऱ्याच्या, आणि अखेर परमेश्वराच्या, माथी मारतो. कादंबरी ही चाल दाखविते, पण तीत वाचक स्वतःही सापडणार नाही याची पुरेशी काळजी घेत नाही.

हुतात्मा आणि धर्मत्यागी यांच्यामध्ये एक तिसरी वाट होती आणि नागासाकीच्या खेड्यांतील हजारो साध्या माणसांनी ती चोखाळली. १६०३ साली, म्हणजे मोठ्या बंदीपूर्वी, ‘कोन्चिरिसान’ या विषयावर एक छोटी जपानी पुस्तिका तयार झाली. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा अर्थ पूर्ण पश्चात्ताप. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तर परमेश्वरावरील प्रीतीपोटी पापाचा मनापासून पश्चात्ताप करावा, संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय धरावा, म्हणजे क्षमा मिळते, ही ख्रिस्तसभेची शिकवण तीत सोप्या शब्दांत होती. धर्मगुरू नाहीसे झाल्यावर ही पुस्तिका हस्तलिखितांतून व पाठांतराने जिवंत राहिली. वर्षारंभी सरकारी अधिकाऱ्यासमोर प्रतिमेवर पाय ठेवावयाचा, आणि घरी परतल्यावर दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावयाची, असा या लोकांचा क्रम असे.

हा फरक लहान नाही. या माणसांनी आपल्या कृत्यास ख्रिस्ताची अनुज्ञा असल्याचा दावा केला नाही. आपण पडलो, हे त्यांनी जाणले. पडलेल्यास उठविणारा आहे, हेही त्यांनी जाणले. पेत्राने कोंबडा आरवल्यावर ‘मी नाकारले ते योग्यच होते’ असे म्हटले नाही. तो बाहेर जाऊन रडला. एंदो कोंबड्याचे आरवणे ऐकवितात, पण रोद्रिगिश यांच्या वाट्याला पेत्राचे अश्रू येत नाहीत. ते अश्रू कादंबरीत आहेत, पण कीचिजिरोच्या डोळ्यांत. तो पडतो, पकडून देतो, पळतो आणि लाज गिळून पुनःपुन्हा पापनिवेदनासाठी दाराशी येतो. अखेरीस धर्म सोडलेल्या त्याच रोद्रिगिश यांच्यासमोर तो गुडघे टेकतो. माझ्या मते ‘मौन’चा खरा ख्रिस्ती नायक हाच होय, आणि लेखकाच्या हृदयासही ते ठाऊक असावे, म्हणूनच त्याने या दुबळ्या माणसास शेवटपर्यंत सोडले नाही.

६. धर्मशिक्षकांनी टिकविलेली ख्रिस्तसभा

कादंबरी वाचून वाटते की धर्मगुरू पडला आणि सारे संपले. प्रत्यक्षात तेथून एका निराळ्या ख्रिस्तसभेचा आरंभ झाला. गावातील एकजण पंचांग सांभाळी. नाताळ, उपवासकाळ व पुनरुत्थानाचा सण केव्हा येतो हे तो सांगे. त्याला ‘चोकाता’ म्हणत. दुसरा स्नानसंस्कार देई. तो ‘मिझुकाता’, म्हणजे पाणी घालणारा. तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. १६३४ सालचे एक पंचांग बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाशी जोडले जाते आणि त्याच्या आधारे पुढील पिढ्यांनी सण पाळले. हे सारे शेतकरी आणि कोळी होते. दीक्षा मिळालेला एकही माणूस त्यांच्यात नव्हता.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या मंदिराच्या दाराशी उराकामी गावचे दहा-पंधरा लोक येऊन उभे राहिले. पॅरिस मिशन संघाचे फादर पेतिजाँ यांना त्यांनी आपली श्रद्धा तीच असल्याचे हळूच सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. ते मंदिर सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने अर्पण केलेले होते. म्हणजे ज्या दाराशी सात पिढ्यांचे मौन सुटले त्या दारावर आपल्या वसईकर धर्मशिक्षकाचेही नाव होते. त्यानंतरही १८७३ पर्यंत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी सोसावी लागली आणि त्यांतील सहाशेच्या वर मरण पावले. १८६९ साली पेतिजाँ यांनी जी पुस्तके छापली त्यांत कोन्चिरिसानची ती जुनी पुस्तिका होती. बाहेरून आलेल्या धर्मगुरूने ती लोकांना शिकविली नाही. लोकांनी ती त्याच्या हाती दिली.

खानदेशात, डांगात, आणि सुरतेसारख्या नगरातील कामगारवस्त्यांत आजही अशी कितीतरी कुटुंबे आहेत की ज्यांना धर्मगुरूचे दर्शन क्वचित घडते. भावकीच्या किंवा गावकीच्या दडपणाखाली कोणी एखाद्या विधीत सामील होतो, कोणी कागदावर अंगठा देतो, आणि मग लाजेने प्रार्थनेस येणे बंद करतो. अशा माणसास आपण काय सांगणार? त्याचे कृत्य योग्यच होते असे सांगितले तर आपण त्याच्या जखमेवर कापड टाकून ती झाकतो. त्याला बाहेर ठेवले तर उराकामीच्या त्या बायाबापड्यांनाही आपण दाराबाहेर ठेविले असते. त्याला पश्चात्तापाची प्रार्थना शिकविणे, तो येईल तेव्हा दार उघडे ठेवणे आणि तो आला म्हणजे प्रश्नांचा भडिमार न करणे, हे आपले काम होय. म्हणून धर्मशिक्षक बंधुभगिनींनी प्रत्येक घरात दोन गोष्टी तोंडपाठ करून घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते : पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना, आणि आणीबाणीच्या वेळी स्नानसंस्कार कसा द्यावा ते. जपानमध्ये याच दोन गोष्टी अडीचशे वर्षे पुरल्या.

‘मौन’ अवश्य वाचावी. शक्य तर दोघाचौघांनी मिळून वाचावी. ती वाचून आपला गर्व उतरेल आणि ते हितकारक आहे. मात्र तिच्या सोबतीला नाकाउरांचे मरण, गोन्सालो गार्सिया यांचा क्रूस आणि मिझुकाताच्या हातातील पाण्याचा वाडगा हेही ध्यानात ठेवावे. परमेश्वर गप्प होता असे एंदो यांच्या नायकास वाटले. त्याच वेळी शेजारच्या खेड्यात कोणी एक अशिक्षित मनुष्य दार लावून हलक्या आवाजात पश्चात्तापाचे शब्द आपल्या मुलास शिकवीत होता.